आकाशवाणी पुणे : ऐकणारे गाव, बोलणारे गाव

आपल्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्याची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा समितीने सगळ्यांना विषय वाटून दिले. कुणाकडे क्रीडांगण आले, कुणाकडे गॅदरिंग, कुणाकडे आपल्या दिवंगत गुरुजनांची आठवण. माझ्या नावापुढे 'परिसराचा इतिहास' असे लिहिले होते. आयुष्यभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलेल्या बाईला हा विषय मिळणार हे ठरलेलेच होते. पण देवळे, वेस आणि कालवा यांच्यावर आपल्यातल्या इतरांनी पूर्वी लिहिले आहे. म्हणून मी परिसर थोडा वेगळा घेतला आहे. आपल्या लहानपणी गावाच्या हवेतच असलेली एक गोष्ट, म्हणजे रेडिओचे पुणे केंद्र. आपल्यापैकी बहुतेकांनी पुणे शहर पाहण्याआधी पुणे ऐकले होते.

आधी थोडा क्रम लावू. मुंबईचे केंद्र १९२७ सालचे, नागपूरचे १९४८चे. मधल्या मोठ्या मुलखाला, म्हणजे देशावरच्या शेतकरी जिल्ह्यांना, जवळचे असे केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी, पुण्यात. पुढे १९६३ला सांगली, १९६८ला परभणी आणि सत्तरच्या दशकात जळगाव व रत्नागिरी अशी केंद्रे आली. पण आपल्या कालव्याकाठच्या गावाला 'रेडिओ' म्हणजे पुणेच.

स्टुडिओ शिवाजीनगरला आणि प्रक्षेपणाचा मनोरा हडपसरला. सोलापूर रस्त्याने एस.टी.ने पुण्यात शिरताना 'आकाशवाणी' नावाचा थांबा लागतो, तो त्याच मनोऱ्यामुळे. मध्यम लहरींच्या केंद्राचा अँटेना मनोऱ्याच्या टोकावर बसवलेला नसतो. तो उभा लोखंडी मनोरा हाच अँटेना असतो. त्याच्यातून निघालेल्या लहरी जमिनीला धरून पसरतात, टेकडी-ओढ्याची फारशी पर्वा करत नाहीत. म्हणून दिवसभर पुणे स्वच्छ ऐकू यायचे. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या थरांवरून लांबलांबच्या लहरी परतून येतात आणि पुण्याच्या आवाजात कुठल्या तरी परक्या भाषेची कुजबुज मिसळते. आपण तेव्हा रेडिओच्या पाठीवर थाप मारायचो. दोष रेडिओचा नव्हता.

गणिताच्या सरांना आवडेल अशी एक गोष्टही सांगते. पुण्याची कंपनसंख्या ७९२ किलोहर्ट्झ. ७९२ला ९ने भागा, बरोबर ८८ येतात. १९७५ साली जिनिव्हात झालेल्या करारात आशिया, युरोप आणि आफ्रिकेतल्या मध्यम लहरींच्या केंद्रांसाठी नऊ-नऊच्या पायऱ्या आखल्या गेल्या. म्हणून सांगलीचे १२५१, मुंबईचे १०४४, नागपूरचे ५८५ हे सगळे आकडे नऊच्या पाढ्यातले आहेत. ज्यांना शंका आहे त्यांनी मेळाव्याच्या दिवशी फळ्यावर भागाकार करून दाखवावा.

केंद्र सुरू झाल्यावर दोनच वर्षांत त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले ते गीतरामायणामुळे. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला पहिले गीत, १९ एप्रिल १९५६च्या रामनवमीला शेवटचे; त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीते झाली छप्पन्न. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत, ही हकीकत आपण सगळ्यांनी घरच्या मोठ्यांकडून ऐकली आहे. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी पुढे जाते. कारण गीतरामायणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत, त्याच केंद्रावरून, आणखी एक गोष्ट चालू होती आणि तिची आठवण फारच थोड्यांना आहे. कॉलेजात शिकवायला लागल्यावर ती माझ्या वाचनात आली आणि तेव्हापासून वर्गात मी ती दर वर्षी सांगत आले.

१९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या मदतीने, पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांत एक प्रयोग केला. दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे एक श्रोतृमंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम. मंडळींनी चावडीत किंवा शाळेत एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि तो संपला की रेडिओ बंद करून आपसात बोलायचे. हे आपल्या गावाला लागू पडते का? कुणी करून पाहिले आहे का? अडचण काय? चिटणिसाने ते लिहून काढायचे आणि पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात केंद्राने त्या प्रश्नांची उत्तरे द्यायची.

कल्पना मूळ कॅनडाची. तिथे १९४१पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत आणि त्यांचे बोधवाक्य होते : वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. आपल्याकडे वाचता येणारे कमी, म्हणून पहिला शब्द गळाला आणि बाकीचे तीन राहिले. तेव्हा आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. ते सनदी अधिकारी, आणि 'कोणार्क' या गाजलेल्या हिंदी नाटकाचे लेखकही. प्रयोगाचे मोजमाप करण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते केले पॉल नॉयरॅथ या समाजशास्त्रज्ञाने. हा माणूस मूळचा व्हिएन्नाचा. तरुणपणी नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत कैदेत राहून आलेला. जिथे बोलण्याला मोल उरले नव्हते अशा जागेतून सुटलेला हा माणूस सुमारे सतरा वर्षांनी आपल्या मुलखातल्या चावड्यांवर लोक कसे बोलतात याच्या नोंदी करत होता. मला हे वाचताना फार विलक्षण वाटले होते.

मोजण्याची पद्धत साधी आणि चोख होती. काही गावे मंडळे असलेली, काही नुसता रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि काही रेडिओही नसलेली. तिन्ही ठिकाणच्या लोकांना प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष असा निघाला की मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली, निरक्षर सभासदांचीसुद्धा. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ त्या मानाने थोडी होती. म्हणजे यंत्राने काम केले ते अर्धेच. उरलेले काम रेडिओ बंद केल्यानंतरच्या बोलण्याने केले. शिवाय ही मंडळे नुसती ऐकून उठली नाहीत. पुष्कळ ठिकाणी ती गावाचे निर्णय घेणारी छोटी सभाच बनली. माथुर आणि नॉयरॅथ यांचे त्यावरचे पुस्तक युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ही योजना देशभर सुरू झाली. विकासासाठी रेडिओ कसा वापरावा हे शिकवणाऱ्या जगभरच्या पुस्तकांत 'पूना' हे नाव येते ते या कारणाने.

शिवाजीनगरच्या त्या इमारतीत तेव्हा माणसेही तशीच होती. व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रमांत. एक भाऊ त्याच केंद्रासाठी गीतरामायण लिहितो आहे आणि दुसरा शेतकऱ्याच्या कानाला पटेल अशी भाषा शोधतो आहे. गोव्याचे कवी बा. भ. बोरकर पुणे आणि पुढे पणजी केंद्रावर. मुलांच्या कार्यक्रमाशी 'आनंद' मासिकाचे गोपीनाथ तळवलकर जोडलेले. सरकारी खात्यात इतके लिहिणारे हात एका वेळी असणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यामुळेच खतांची माहितीसुद्धा परिपत्रकासारखी न होता बांधावर उभ्या राहून कुणी सांगावी तशी यायची. ग्रामीण कार्यक्रमातली ती ठरावीक मंडळी, एक शंका काढणारा, एक शहाणा आणि एक जुन्या वळणाचा, आपल्या घरांत खऱ्या माणसांसारखी ओळखीची होती.

मग ही श्रोतृमंडळे गेली कुठे? योजना देशभर पसरली, पण हळूहळू विरत गेली. चिटणिसाला पगार नव्हता, सार्वजनिक रेडिओची बॅटरी संपली की नवी येईपर्यंत सगळे थंड. पुणे केंद्राने जितक्या बारकाईने दहा आठवडे पाठपुरावा केला, तितका हजारो गावांचा करणे शक्यही नव्हते. आणि माझ्या मते सगळ्यात मोठे कारण म्हणजे ट्रान्झिस्टर. तो आला आणि रेडिओ चावडीतून घरात, घरातून शेतात, बैलगाडीच्या दांडीला आला. एकत्र बसून ऐकायचे कारण उरले नाही.

इथे नेहमीप्रमाणे हळहळ व्यक्त करून थांबता येईल. पण मला थांबवत नाही. संध्याकाळच्या वेळी चावडीत जमलेल्या त्या पंधरा-वीस जणांत आपल्या आया आणि आज्या कुठे होत्या? त्या वेळी त्या चुलीपाशी होत्या. ज्या चर्चेचे जगभर कौतुक झाले ती त्यांच्या कानांवर पडण्याची सोय नव्हती. ट्रान्झिस्टरने मंडळ मोडले हे खरे, पण त्यानेच रेडिओ फडताळावर, पिठाच्या डब्याशेजारी आणून ठेवला. माझ्या आईने बाळाच्या लसी, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी आणि बँकेत खाते कसे काढतात हे सगळे भाकऱ्या थापता थापता ऐकले. ती शाळेत दुसरीपर्यंतच गेली होती. कार्यक्रम संपल्यावर तिच्याशी चर्चा करायला मंडळ नव्हते, म्हणून ती आम्हा मुलींशी बोलायची. आपल्या वर्गातल्या मुलींपैकी पुष्कळजणींच्या घरी असेच घडले असणार. पुणे केंद्राचा इतिहास लिहिताना दीडशे मंडळांबरोबर ही न मोजलेली मंडळेही धरायला हवीत.

शाळेतला रेडिओ तुम्हाला आठवत असेलच. आकाशवाणी शाळांसाठी खास कार्यक्रम प्रसारित करत असे आणि आपल्याला त्यासाठी ओळीने बसवले जाई. सेटच्या परवान्याचे पुस्तक पोस्टात न्यावे लागे. आपल्या शाळकरी दिवसांत नेहमीच्या सेटला वर्षाला १५ रुपये पडत आणि पोस्टमास्तर शिक्का मारून देत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती पद्धत बंद झाली. आजच्या मुलांना रेडिओ ऐकायला परवाना लागे हे सांगितले तर ती हसतात.

आणि सकाळच्या सात पाचच्या बातम्या. पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्यांचे हे दहा मिनिटांचे घड्याळ घराघरांत होते. सुधा नरवणे यांचा आवाज सुरू झाला की अंघोळीला कोण उरले आहे हे कळायचे. दिल्लीच्या बातम्यांत देश असायचा. सात पाचला धरणातले पाणी, पालखीचा मुक्काम, बोर्डाचे निकाल, बाजार समिती असायची. आपल्या तालुक्याचे नाव रेडिओवर ऐकू आले की त्या दिवशी गावात तोच विषय.

हे सगळे सांगताना दुसरी बाजू झाकायची नाही. आकाशवाणी सरकारच्या ताब्यात होती. आपली बॅच १९७५ची. जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वर्षी बोर्डाला बसली तो हा गोंधळाचा उन्हाळा. त्याच जूनच्या २६ तारखेला सकाळी आणीबाणीची बातमी देशाने ऐकली ती रेडिओवरच, आणि पुढची एकोणीस-वीस महिने त्याच रेडिओवर विरोधी सूर ऐकू आला नाही. ज्या यंत्राने १९५६ साली गावाला विचारले होते 'तुम्हाला काय वाटते?', तेच यंत्र आता विचारत नव्हते. म्हणून पुढे प्रसारणाला स्वायत्तता हवी ही मागणी जोर धरत गेली. १९७८ साली वर्गीज समितीचा अहवाल आला, १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला, आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. दरम्यान १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. ती मालमत्ता आपल्या हाती किती आली हा वादाचा विषय आहे.

व्यापाराची बाजू थोडक्यात. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच केंद्रांपासून. २००१नंतर खासगी एफ.एम. आले. गाणी चोवीस तास झाली, निवेदक भरभर बोलू लागले. पण खासगी एफ.एम.ला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. म्हणजे आजही रेडिओवर आपल्या भागाची बातमी हवी असेल तर तिची सगळी भिस्त आकाशवाणीच्या प्रादेशिक विभागावर.

म्हणूनच जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय बाहेर आला, तेव्हा गलका झाला. श्रोत्यांनी, पत्रकारांनी, सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी आवाज उठवला आणि केंद्र सरकारने त्या निर्णयाला स्थगिती दिली. मला त्या चार-आठ दिवसांत एक गोष्ट जाणवली. वर्तमानपत्रांतली पत्रे पाहिली तर बहुतेक आपल्याच वयाच्या लोकांची. माझ्या भाचीने विचारले, "मावशी, बातम्या मोबाईलवर येतातच की, मग पुण्याहून वाचल्या काय आणि संभाजीनगरहून काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'आमच्या आठवणी' हे उत्तर पुरेसे नाही.

माझे उत्तर असे. बातमी कुठून वाचली जाते याला महत्त्व नाही. ती कुठे शोधली जाते याला आहे. कार्यालय जिथे असते तिथल्या रस्त्यांवर वार्ताहर फिरतो, तिथल्या लोकांचा फोन नंबर त्याच्या वहीत असतो. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यात पाणी सोडले तर ते आधी तिथल्या माणसाला कळते. मोबाईलवर बातम्या पुष्कळ येतात, पण आपल्या तालुक्यापुरती, तपासून घेतलेली आणि आपल्या भाषेत नीट लिहिलेली दहा मिनिटे फुकट देणारे फार थोडे आहेत. मध्यम लहरींची जुनी प्रक्षेपण केंद्रे देशभर एकेक करून बंद होत आहेत. त्याला माझी हरकत नाही. वीज जास्त खातात, सुटे भाग मिळत नाहीत, आणि पुणे केंद्र आता फोनवरच्या अ‍ॅपमध्येही ऐकू येते. मनोरा गेला तर चालेल. वार्ताहर जाता कामा नये.

आणि ज्यांना वाटते की ते चावडीतले ऐकणे-बोलणे कायमचे संपले, त्यांनी जरा आजूबाजूला पाहावे. साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' हे समुदाय रेडिओ केंद्र आहे. गावातल्या बायका तिथे माइकसमोर बसून बोलतात, गातात, प्रश्न विचारतात. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' आहे. ही केंद्रे लहान. त्यांचा आवाज काही कोसांपलीकडे जात नाही. पण १९५६ साली चुलीपाशी राहिलेली बाई २०००नंतर माइकपाशी पोचली, हा मला त्या प्रयोगाचा पुढचा अध्याय वाटतो.

मेळाव्याच्या निमित्ताने एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी माळ्यावर परवान्याची जुनी पुस्तके असतील, कार्यक्रमात पत्र वाचले गेले म्हणून जपून ठेवलेली पोस्टकार्डे असतील, टेप केलेल्या कॅसेट असतील. ती येताना घेऊन या. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट मोकळे करून मिळावे असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे करणार आहे. आणि ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत त्यांनी फोनवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करून आणावे : गावात पहिला रेडिओ कुणाकडे आला, कोण कोण ऐकायला जमायचे, बायकांना कुठे बसवायचे, ऐकून झाल्यावर काय बोलायचे. ही माणसे आणखी पाच-दहा वर्षे आहेत. पुण्याच्या मंडळांच्या नोंदी नॉयरॅथने केल्या; आपल्या गावाच्या नोंदी करायला व्हिएन्नाहून कुणी येणार नाही.

जेवणानंतर दोन ते तीन या वेळेत आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात मी बसलेली असेन. कॅसेट वाजवायचे यंत्र आणते आहे. पाच-सहा जण जमले तरी मंडळ झाले. ऐकू, आणि मग यंत्र बंद करून बोलू.